खोबरेल: केसांना किती, कढईत किती

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की ठाण्यात चरईतल्या आमच्या घरी न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली पांढरी पडते. पहाटे खिडकीतून गार वारा येतो, आणि २४-२५ अंशांच्या खाली गेलं की हे तेल थिजतंच. आई ती बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची, मीही तेच करते. समोरच्या दारात मल्याळी चेची (म्हणजे ताई) राहतात. त्यांची बाटली गॅसशेजारी असते, म्हणून ती क्वचितच थिजते. सकाळी नऊच्या सुमारास त्यांच्या फोडणीतल्या मोहरी-कढीपत्त्याचा वास जिन्यात दरवळतो. तेल एकच, पण आमच्याकडे ते केसांचं आणि त्यांच्याकडे जेवणाचं.

या तेलाचा मी नीट अभ्यास करायला घेतला तो नेरूळच्या भावोजींमुळे. वय ५८, कोलेस्टेरॉलची गोळी चालू. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं वाचून त्यांनी रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे खोबरेल प्यायला सुरुवात केली आणि गोळी कुणालाही न सांगता बंद केली. तीन महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा ९८ वर असलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७१ वर गेलं होतं. ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज कापत होता. यातलं बरंचसं गोळी सोडल्यामुळे वाढलं असणार. तेलाचा वाटा किती, हे त्या एका कागदावरून सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचलं, आमच्या डॉक्टरांना विचारलं, घरात चमच्याने मोजून पाहिलं. तेल अंगावर, पोटात की वस्तूवर जाणार, हे आधी ठरवलं की निम्मे गोंधळ मिटतात, कारण तिन्ही ठिकाणचे हिशेब निराळे आहेत.

आधी बाटली वाचा

बाजारात हे तेल मुख्यतः तीन तऱ्हांनी येतं. सुकं खोबरं घाण्यात घालून काढलेलं, भाजल्यासारख्या खमंग वासाचं. दुसरं रिफाइंड, म्हणजे खोबऱ्याचंच, पण रंग आणि वास काढून टाकलेलं. तिसरं व्हर्जिन, ओल्या नारळापासून काढलेलं, पाण्यासारखं स्वच्छ आणि ताज्या नारळाच्या वासाचं. व्हर्जिनची किंमत बघून ते फार वेगळं असेल असं वाटतं. वास आणि चव वेगळी असते हे खरं, काही उपयुक्त सूक्ष्म घटकही त्यात जास्त टिकतात. पण मेदाची जात तिन्हींत तीच आहे, निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल नावाचं मेदाम्ल. हृदयाच्या हिशेबात महागडी बाटली काही सूट देत नाही.

दुकानात बाटली उलटी करून तीन गोष्टी बघा. ‘खाद्य तेल’ लिहिलंय का, हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आहे का, आणि घटकांत फक्त खोबरेल आहे का. ‘हेअर ऑइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांत मिनरल ऑइल म्हणजे लिक्विड पॅराफिन आणि सुगंध असतो. ते केसांना चालेल, कढईत कधीच नाही. आपल्या घरांत ज्या निळ्या बाटल्या केसांसाठी येतात, त्यांतल्या बऱ्याच कायद्याने खाद्य तेलाच्या असतात. त्यावरून कराचा वाद वर्षानुवर्षं चालला होता, कारण खाद्य तेलावर कर कमी होता आणि केसांच्या तेलावर जास्त; निकालाच्या वेळी जीएसटी अनुक्रमे ५ आणि १८ टक्के होता. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खाद्य तेलाच्या अटी पाळणारं शुद्ध खोबरेल छोट्या बाटलीत असलं म्हणून केसांचं तेल ठरत नाही. त्यामुळे बाटलीच्या आकारावर जाऊ नका, लेबल वाचा.

सुटं तेल घेत असाल तर घाणा डोळ्यांसमोर चालतोय, खोबऱ्याला बुरशी नाही, एवढं बघूनच घ्या. २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव फार चढले, आणि भाव चढले की भेसळीचा मोह वाढतो. घरच्या घरी चाचणी अशी: काचेच्या पारदर्शक ग्लासात थोडं तेल घ्या, फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, फ्रीझरमध्ये मात्र नको. खोबरेल थिजून पांढरं होतं. दुसरं तेल मिसळलेलं असेल तर त्याचा पातळ थर वेगळा दिसतो. ही चाचणी ढोबळ आहे, हे लक्षात असू द्या. पाम कर्नल तेलही खोबरेलासारखंच थिजतं, ते या ग्लासात पकडलं जाणार नाही. आणि मे महिन्यात ओट्यावरचं तेल थिजत नाही म्हणून ते भेसळीचं ठरत नाही.

केस: इथे तेल आपलं काम चोख करतं

केस धुताना पाणी आत शिरून केस फुगतो, वाळताना आकसतो. हे पुन्हापुन्हा झालं की बाहेरचे खवले उचकटतात आणि आतलं प्रथिन झिजतं. लॉरिक आम्लाची साखळी सरळ आणि लहान असल्याने खोबरेल केसाच्या आत शिरू शकतं, आणि त्यामुळे पाणी कमी शिरतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. धुण्याआधी लावा नाहीतर नंतर, प्रथिनाची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. हा अभ्यास मुंबईत, पॅराशूट बनवणाऱ्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागात झाला, हेही वाचकाला माहीत असावं. निष्कर्ष मला पटतो, कारण त्यामागचं रसायन सरळ आहे.

म्हणूनच तेल लावायची वेळ नहाण्याआधीची. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे पुरतात. बाटली गरम पाण्यात ठेवून तेल पातळ करा, कढल्यात तापवू नका. आधी केसांच्या लांबीला, विशेषतः खालच्या टोकांना लावा, उरलेलं बोटांनी मुळांशी. आपल्याकडे उलट होतं, सगळं तेल टाळूवर ओततात आणि जिथे केस सर्वांत जुना आणि झिजलेला असतो ती टोकं कोरडी राहतात. एक-दोन तास ठेवलं तरी काम होतं, रात्रभराची सक्ती नाही. कपाळावर पुटकुळ्या येत असतील तर रात्रभर मुळीच ठेवू नका. धुताना शांपू मगभर पाण्यात कालवून घ्या म्हणजे एकाच जागी साचत नाही. घोडबंदर रोडच्या काही सोसायट्यांत टँकरचं जड पाणी येतं, केस तारेसारखे होतात. माझ्या मैत्रिणीला तिथे नहाण्याआधी तासभर तेल लावल्याने खरंच फरक पडला.

पण या तेलाने केस उगवत नाहीत, पांढरे केस काळे होत नाहीत, टक्कल भरत नाही. तुटणं कमी होतं म्हणून केस दाट वाटतात, एवढंच. मोठा ताप, बाळंतपण किंवा ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात, तेव्हा तेल बदलत बसू नका. लोह आणि थायरॉइड तपासून घ्या.

कोंड्याच्या बाबतीत आपली समजूत बहुतेक वेळा उलटी असते. तेलकट, पिवळसर खवल्यांचा, खाज सुटणारा कोंडा मलॅसेझिया नावाच्या बुरशीशी जोडलेला असतो, आणि ही बुरशी चरबीवर जगते. त्या डोक्यावर रात्रभर तेल ठेवणं म्हणजे तिला जेवू घालणं. कीटोकोनॅझोल असलेला शांपू डॉक्टरांना विचारून वापरा आणि धुण्याआधी तो पाच मिनिटं डोक्यावर राहू द्या. हिवाळ्यात टाळू नुसती कोरडी पडून भुसा निघत असेल तर तेल चालतं.

अंग, बाळ आणि पावसाळ्यातले पाय

कोरड्या त्वचेवर खोबरेल लावायचं ते आंघोळीनंतर, अंग टॉवेलने टिपून थोडं ओलसर असतानाच. तेल स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही. पूर्ण कोरड्या अंगावर चोळलं तर वरवर चकाकी येते आणि तासाभरात पुन्हा खाज. फिलिपाइन्समध्ये एक्झिमाच्या मुलांवर आठ आठवडे चाललेल्या एका चाचणीत व्हर्जिन खोबरेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं, निष्कर्ष २०१३ साली आले. तरी एक्झिमा चिघळला असेल, पाणी सुटत असेल, तर तेलाच्या आधी त्वचारोगतज्ज्ञ.

चेहऱ्यावर मुरमं येणाऱ्यांनी हे तेल टाळावं, छिद्रं बुजतात. उन्हापासून संरक्षणही त्याच्या भरवशावर करू नये, सनस्क्रीनचं काम ते करत नाही. भाजलं की लगेच तेल लावायची आपल्या घरांत जुनी सवय आहे. ती सोडा. नळाच्या वाहत्या पाण्याखाली भाग वीस मिनिटं धरा, तेल आतली उष्णता कोंडून ठेवतं. लॅटेक्सच्या निरोधबरोबर कोणतंही तेल वापरू नये, लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. हे सहसा कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

बाळाच्या मालिशीला खोबरेल चांगलं, हलक्या हाताने, खोली उबदार ठेवून. पण नाकात आणि कानात तेलाचे थेंब सोडायची रीत कृपा करून थांबवा. माझ्या मुलाच्या वेळी मालिशवाल्या मावशींनी बोट तेलात बुडवलं होतं आणि मी त्यांचा हात धरला. त्या दुखावल्या, पण मला पर्याय नव्हता. नाकातून तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि तो साध्या सर्दीसारखा आपोआप जात नाही.

आता पाय. टाचा भेगाळल्या असतील तर रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून, पुसून, तेल चोळून मोजे घालून झोपा. कोकणातल्या घरात कोकमतेल असेल तर भेगांसाठी मी तेच आधी वापरेन, ते जास्त घट्ट बसतं. मात्र जुलैमध्ये स्टेशनबाहेरच्या साचलेल्या पाण्यातून रोज चालून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर तिथे तेल नको. चिखल्या ओलाव्यामुळे होतात, बुरशीही लागलेली असते. तिथे पाय साबणाने धुवा, बोटांमधली जागा कोरडी करा आणि औषधाच्या दुकानातलं बुरशीविरोधी मलम लावा. तेलाने ती जागा अधिकच ओलसर राहते.

तेलाच्या गुळण्या

आयुर्वेदात कवल आणि गंडूष, म्हणजे तेल तोंडात फिरवण्याच्या आणि भरून धरण्याच्या रीती, सांगितलेले आहेत, आणि काही छोट्या चाचण्यांत तोंडातले जंतू आणि दातांवरचा थर कमी झालेला दिसला आहे. करायच्या तर एक चमचा तेल दहा मिनिटं तोंडात फिरवा, गिळू नका, आणि कचऱ्याच्या डब्यात थुंका. बेसिनमध्ये थुंकलं तर हिवाळ्यात पाइपात थिजून बसतं. ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट यांना हा पर्याय नाही, किडलेला दात याने भरत नाही. लहान मुलांना तर नकोच, ठसका लागून तेल श्वासनलिकेत जाऊ शकतं.

कढईत घालायचं तर

रिफाइंड न केलेलं, वासाचं तेल साधारण १७५ अंशांच्या आसपास धुरावतं. आपण वडे-भजी तळतो ते १७० ते १८० अंशांवर. म्हणजे व्हर्जिन तेलात तळण करणं हा त्या तेलाचा आणि पैशांचा नाश आहे. रिफाइंड जास्त तापमान सोसतं, पण मी तळणासाठी खोबरेल वापरतच नाही.

त्याची खरी जागा फोडणीत आणि शेवटच्या थेंबात आहे. चेचींनी मला शिकवलेली रीत अशी: अवियल, म्हणजे त्यांची मिश्र भाजी, शिजली की गॅस बंद, वरून एक चमचा कच्चं खोबरेल, मूठभर कढीपत्ता, आणि झाकण. पाच मिनिटांनी झाकण काढलं की एका चमच्यात अख्खी कढई घमघमते. भाजी मात्र त्याआधी जवळजवळ बिनतेलाची शिजलेली असते. हीच युक्ती मी आमच्या बांगड्याच्या तिखल्याला लावली. आधी दोन डाव तेल जायचं, आता शेवटी दोन चहाचे चमचे, आणि घरात कुणाची तक्रार नाही. वास पुढे ठेवून तेल कमी करायचं, हा खोबरेलाचा स्वयंपाकघरातला सर्वांत मोठा फायदा मला वाटतो.

पोटात गेलेल्या तेलाचा हिशेब

आधी आकडे बघू. खोबरेलात संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) जवळजवळ ९० टक्के असतो. तुपात ६०च्या आसपास, शेंगदाणा तेलात २०च्या आतबाहेर, सूर्यफूल तेलात १० ते १२. पंधरा मिलिलिटरचा एक मोठा चमचा खोबरेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम तेल, त्यात जवळपास १२ ग्रॅम संपृक्त मेद आणि १२० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून जास्त संपृक्त मेद नको. २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ते २२ ग्रॅम होतात. भावोजींचे दोन चमचे म्हणजे २४ ग्रॅम. त्यांचा दिवसाचा कोटा सकाळच्या चहाआधीच संपत होता, आणि पुढे फुल क्रीम दूध, तूप, फरसाण, खोबऱ्याचं वाटण यायचं होतंच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरीच्या आहारात तेल-तूप मिळून दिवसाला माणशी २७ ग्रॅम धरले आहेत, आणि तेलं आलटून पालटून वापरायला सांगितलं आहे. २७ ग्रॅम म्हणजे मोठे दोन चमचेच. यात फोडणी, पोळीचं तूप, सगळं आलं.

मग एवढा वाद कशाचा? पहिला दावा असा की खोबरेलातला मेद मध्यम साखळीचा आहे, तो थेट जळतो, चरबी होत नाही. हा दावा ज्या प्रयोगांवर उभा आहे ते ८ आणि १० कार्बनच्या साखळ्यांच्या खास तेलावर झाले. असे मेद खोबरेलात जेमतेम १५ टक्के. लॉरिक आम्लाची साखळी १२ कार्बनची, आणि पचनात तिचा बराचसा भाग लांब साखळीच्या मेदासारखाच वागतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या, असे प्रयोग करणाऱ्या मारी-पिएर सेंट-ऑन्ज यांनी स्वतः सांगितलं आहे की त्यांचे निष्कर्ष बाजारातल्या खोबरेलाला लावू नयेत. तरी वजन कमी करण्याच्या सल्ल्यांत हा दावा रोज फिरतो.

दुसरा दावा, चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं. हे खरं आहे, पण अर्धं. २०२० साली १६ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सूर्यफूल-ऑलिव्हसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एचडीएल, म्हणजे हे चांगलं कोलेस्टेरॉल, सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढलं, पण एलडीएलही सुमारे १० मिलिग्रॅमने वाढलं. नायॅसिनसारख्या औषधांनी एचडीएल वाढवून पाहिलं गेलं आहे, त्याने हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. एलडीएल वाढल्याचं नुकसान मात्र पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये खोबरेल टाळायला सांगितलं.

उलट बाजूलाही अभ्यास आहेत, ते लपवणं बरोबर नाही. २०१८ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी निरोगी माणसांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम मेद दिला. काहींना लोणी, काहींना ऑलिव्ह तेल, काहींना व्हर्जिन खोबरेल. एलडीएल लोण्याने वाढलं, खोबरेलाने ऑलिव्हच्या तुलनेत वाढलं नाही. पण चार आठवड्यांवरून वीस वर्षांच्या धमन्यांबद्दल बोलता येत नाही. २०१६ मध्ये केरळातला अभ्यास आला. हृदयविकाराच्या सुमारे दोनशे रुग्णांनी दोन वर्षं स्वयंपाकात खोबरेल किंवा सूर्यफूल तेल वापरलं, आणि दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे रुग्ण औषधांवर होते आणि तेल जेवणात मोजून होतं. भावोजींनी नेमक्या याच दोन गोष्टी मोडल्या होत्या.

तिसरा दावा पूर्वजांचा. केरळात, कोकणात, प्रशांत महासागराच्या बेटांवर लोक पिढ्यानपिढ्या नारळ खातात, त्यांना काय झालं? टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांवरचा १९८१चा अभ्यास खरा आहे. टोकेलाऊमध्ये निम्म्याहून जास्त ऊर्जा नारळातून येत होती, आणि हृदयविकार विरळ होता. पण ते लोक अख्खा नारळ खात होते, चोथ्यासकट, सोबत ताजी मासळी, साखर फार थोडी, आणि दिवसभर अंगमेहनत. नेरूळहून बसने जाऊन दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने त्यातला फक्त तेलाचा चमचा उचलणं हा त्या अभ्यासाचा अर्थ नव्हे. आणि आजच्या केरळात हृदयविकार कमी नाही. त्याला तंबाखू, मधुमेह अशी बरीच कारणं आहेत, पण खोबरेलाने तो टळला असं कुणाला म्हणता येणार नाही.

हार्वर्डच्या एका प्राध्यापिकेने २०१८ मध्ये जर्मनीतल्या भाषणात या तेलाला शुद्ध विष म्हटलं होतं. ते टोक मला पटत नाही. अवियलवरच्या एका चमच्याने कुणाचं वाईट होत नाही. पण थायरॉइड बरा होतो, स्मृतिभ्रंश थांबतो, मधुमेह जातो असं सांगणाऱ्यांकडे भरवशाचा पुरावा नाही, आणि त्या नादात औषध सुटलं तर जीवावर बेततं.

तुमच्या घरचा हिशेब असा करा. शेवटचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीचा, कागद काढा. एलडीएल जास्त असेल, हृदयविकार किंवा मधुमेह असेल, आई-वडिलांना कमी वयात अटॅक आला असेल, तर खोबरेल रोजचं तेल करू नका, वासापुरतं ठेवा. बाकीच्यांनी आठवडाभर मोजा. फोडणीचं तेल पळीने नव्हे, चमच्याने मोजून घाला. वाटणही धरा: ४० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात १२ ग्रॅमच्या आसपास संपृक्त मेद असतो, चौघांत वाटला तर माणशी तीन. २०० मिलिलिटर फुल क्रीम दुधात सात-आठ ग्रॅम. बेरीज २२ ग्रॅमच्या आत बसत असेल तर खोबरेलाला जागा आहे. नसेल तर आधी दुसरं काहीतरी कमी करा. तेल वर घालायचं नाही, कशाच्या तरी बदली घालायचं. बदल केलात तर दोन महिन्यांनी पुन्हा तपासा, तेवढ्यात फरक कळतो. आणि गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. भावोजींची गोळी पुन्हा सुरू झाली, तेल पिणं थांबलं. आता त्यांच्याकडे मासळीच्या कालवणावर शेवटी एक चमचा खोबरेल असतं, ते चवीने जेवतात.

घरातली इतर कामं

फणस कापायला बसण्याआधी दोन्ही हातांना मनगटापर्यंत खोबरेल चोपडा, विळीच्या पात्यालाही. चीक पात्यावर चढला तर तेलाचं बोट फिरवून कागदाने पुसा. साबणाने तो चीक हलत नाही, तेलात मात्र सुटतो. अळू आणि सुरण चिरतानाही हाताला तेल लावलं तर खाज कमी होते. मोदकाच्या उकडीला बोटं लावताना तुपाऐवजी हे चालतं. काचेच्या बरण्यांवरच्या लेबलाचा चिकट गोंद खोबरेल लावून तासभर ठेवला की निघतो.

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेने विळी आणि बिडाचा तवा गंजतो. धुऊन, गॅसवर पूर्ण कोरडा करून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. पण नवा तवा तयार करायचा असेल तर खोबरेल घेऊ नका. तव्यावर जो काळा गुळगुळीत थर धरतो तो वाळणाऱ्या तेलाने धरतो, आणि खोबरेल वाळत नाही. तिथे जवसाचं किंवा सूर्यफुलाचं तेल घ्या. शिवणयंत्रातही हे तेल घालू नये, थंडीत थिजतं आणि धूळ धरून आतले भाग जाम होतात.

आवेल काढायची रीत

ओल्या नारळाच्या दुधापासून काढलेल्या तेलाला कोकणात आवेल म्हणतात. बाळासाठी आजी हेच काढायची. पाच मोठे, जून नारळ घ्या, हलवल्यावर पाण्याचा आवाज येणारे. जांभळी नाक्यावर विक्रेत्याला ‘तेलासाठी’ म्हणून सांगितलं तर तो बरोबर जून निवडून देतो. एकही नारळ आतून खवट किंवा बुरशी धरलेला निघाला तर टाकून द्या, तो सगळं तेल बिघडवतो.

खोबरं खवून कोमट पाण्याबरोबर मिक्सरमधून काढा, पांढऱ्या स्वच्छ कापडातून घट्ट पिळा. चोथ्यात पुन्हा थोडं पाणी घालून एकदा फिरवा आणि पिळा. सगळं दूध उंच भांड्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर सायीचा जाड घट्ट थर येतो, खाली पाणी. थर अलगद उचलून घ्या.

हा थर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. सुरुवातीला ते दुधासारखं उकळतं आणि चटचट आवाज करत पाणी उडतं. अर्ध्या-पाऊण तासाने फाटल्यासारखं होऊन कडेने तेल सुटू लागतं. इथून कढईपासून हलू नका. पांढरे कण बदामी होतात, आवाज कमी कमी होत थांबतो. आवाज थांबला म्हणजे पाणी गेलं. कण लालसर व्हायच्या आत गॅस बंद करा, नाहीतर तेलाला करपट वास लागतो आणि तो कशानेही जात नाही. गार झाल्यावर कापडातून गाळा. पाच नारळांतून मला साधारण दोनशे मिलिलिटर मिळतं. कढईत उरलेली बेरी आम्ही गुळाबरोबर खातो. चोथा दुसऱ्या दिवशी कोबीच्या भाजीत जातो.

बाटली काचेची, उन्हात दिवसभर वाळवलेली. पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी तेल खवट होतं, म्हणून ओला चमचा कधी घालू नये. न्हाणीघरासाठी आणि स्वयंपाकघरासाठी मी दोन वेगळ्या बाटल्या भरते, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी चिकटवते, आणि तीन महिन्यांत संपवते.